रुग्णालयातला जंतू आणि रेणापूरचा रुग्ण

आजारी माणसाच्या दृष्टीने रेणापूरचे भौगोलिक स्थान मोठे सोयीचे आहे. रेणुकादेवीचे हे गाव लातूर–अंबाजोगाई मार्गावर वसले आहे. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. तेथे निभावले नाही तर एका दिशेला वीसएक किलोमीटरवर लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, आणि दुसऱ्या दिशेला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९७४ साली खेड्यापाड्यांतील जनतेचा विचार करून ते मुद्दाम त्या गावी काढण्यात आले. रात्री-अपरात्री छातीत कळ आलेल्या माणसाला शंभर मैल न्यावे लागत नाही, हे भाग्य मराठवाड्यातील फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आले आहे.

पण या सोयीला एक दुसरी बाजू आहे आणि तिची चर्चा सहसा होत नाही. मोठ्या रुग्णालयात गेलेला रुग्ण तेथून नुसता बरा होऊन येतो असे नाही. कधीकधी तो तेथले जंतूही सोबत घेऊन येतो, आणि हे जंतू साधे नसतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक औषधांना पुरून उरलेले असे ते असतात.

उदाहरणादाखल असा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. साठी उलटलेला शेतकरी मेंदूतील रक्तस्रावाने बेशुद्ध पडतो. त्याला शहरातील एखाद्या अतिदक्षता विभागात दाखल केले जाते. श्वासनलिकेत एक नळी, मूत्राशयात दुसरी, मानेजवळच्या शिरेत तिसरी. आठव्या दिवशी तो डोळे उघडतो. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक देवीला नारळ बोलू लागतात. नवव्या दिवशी त्याला सडकून ताप भरतो. मूळ दुखण्याशी या तापाचा काही संबंध नसतो. दाखल झाल्यानंतर ४८ तास उलटल्यावर जो संसर्ग प्रकट होतो, त्याला वैद्यकशास्त्रात ढोबळमानाने रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. डॉक्टर औषध बदलतात, पुन्हा बदलतात. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद येतो. त्यावर जंतूचे नाव असते क्लेब्सिएला, आणि त्याखाली छापलेल्या औषधांच्या यादीत बहुतेक नावांपुढे ‘आर’ हे एकच अक्षर. म्हणजे रेझिस्टंट, हे औषध या जंतूवर चालणार नाही.

असे का घडते, याविषयी समाजात एक फार रूढ आणि फार चुकीचा समज आहे. ‘शरीराला औषधाची सवय झाली’ असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. शरीराला कसलीही सवय झालेली नसते. बदललेला असतो तो जंतू. आणि त्यालाही ‘सवय’ झाली असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्याला ही गोष्ट खरे तर शहरी पदवीधरापेक्षा लवकर उमगावी. गुलाबी बोंडअळीला मारण्यासाठी आलेल्या बीटी कापसावरच २०१७ च्या हंगामात त्या अळीने धुमाकूळ घातला. कोणा एका अळीने विष पचवण्याचा सराव केला होता, असे नव्हे. लाखो अळ्यांमध्ये जन्मतःच विष सोसणाऱ्या थोड्या होत्या. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि पुढची पिढी यांचीच झाली. जंतूंचे तसेच होते, फक्त अळीला जे साधायला वर्षे लागतात ते जंतूला एका रात्रीत साधते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय जातीचा जंतू दर वीस मिनिटांनी दुभागतो. एकापासून सुरुवात झाली तरी दहा तासांत तीस पिढ्या होतात आणि संख्या शंभर कोटींच्या पुढे जाते. एवढ्या पसाऱ्यात नक्कल करताना झालेल्या चुकीतून एखादा औषधाला दाद न देणारा निपजणे यात नवल ते काय! असे जंतू औषध येण्यापूर्वीच तेथे असतात, औषध त्यांना घडवत नाही तर निवडते, हे अमेरिकेत १९४३ साली लुरिया आणि डेलब्र्युक यांनी गणिताने, आणि १९५२ साली लेडरबर्ग दांपत्याने प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवून दिले.

दाद न देण्याच्या या कलेचे प्रकारही थक्क करणारे आहेत. पेनिसिलीन आणि त्याच्या गोतावळ्यातील सारी औषधे जंतूच्या भिंतीवर घाव घालतात. जंतू वाढताना आपल्याभोवतीची भिंत सतत सांधत असतो, आणि हे सांधकाम करणारी काही प्रथिने त्याच्यापाशी असतात. पेनिसिलीनचा रेणू या गवंड्यांचे हात धरून ठेवतो. भिंत अर्धवट राहते, आतला दाब तिला सोसत नाही आणि जंतू फुटून मरतो. पेनिसिलीनची सारी ताकद त्याच्या रेणूतील चार अणूंच्या एका ताणलेल्या कड्यात असते. तेव्हा जंतूने तोड काढली ती ही, की तेच कडे कापणारे एन्झाइम, शालेय पुस्तकांच्या भाषेत विकर, तयार करायचे. एब्रहॅम आणि चेन यांनी हे विकर १९४० सालीच नोंदवले. म्हणजे पेनिसिलीन सामान्य रुग्णापर्यंत पोचण्याआधीच त्याचा मारेकरी शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला होता. रसायनतज्ज्ञांनी मग कडे झाकून घेतलेले मेथिसिलीन १९५९ मध्ये आणले. १९६१ पर्यंत इंग्लंडमधील रुग्णालयांत त्यालाही न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस सापडला. या जंतूने औषध कापण्याच्या भानगडीत न पडता गवंडीच बदलला होता. मेथिसिलीनला ज्याचा हात धरताच येत नाही असे नवे प्रथिन त्याने कामाला लावले होते. क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर यांसारख्या जंतूंना तर भिंतीबाहेर आणखी एक आवरण असते. त्या आवरणातील ज्या झरोक्यांतून औषध आत शिरते ते झरोके ते कमी करतात, आणि तरीही जे आत आले ते बाहेर फेकणारे पंप चालवतात. विहिरीवरच्या मोटारीसारखे हे पंप एकाच नव्हे तर अनेक जातींच्या औषधांचा उपसा करू शकतात.

येथवरची कथा एकेका जंतूच्या वंशाची झाली. खरा अनर्थ पुढेच आहे. हे गुण केवळ बापाकडून मुलाकडे जात नाहीत, ते शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडेही जातात. जंतूच्या मुख्य आनुवंशिक द्रव्याखेरीज त्याच्यापाशी डीएनएची लहान सुटी वर्तुळे असतात, त्यांना प्लास्मिड म्हणतात. दोन जंतू एकमेकांना चिकटले की प्लास्मिडाची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे सरकते. आणि हे दोघे एका जातीचे असावेत असाही दंडक नाही. जपानमध्ये आमांशाच्या साथीत चार-चार औषधांना एकदम न जुमानणारे जंतू आढळू लागले, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांना प्रथम कोडे पडले, कारण चार वेगवेगळे योगायोग एकाच जंतूत एकाच वेळी घडणे अशक्यप्राय होते. १९५९ मध्ये त्यांनी दाखवून दिले की चारही गुण एकाच गाठोड्यात बांधलेले होते आणि ते गाठोडे निरुपद्रवी ई. कोलायकडून आमांशाच्या जंतूकडे जाऊ शकत होते. म्हणून एक औषध अविचाराने दिले की एकाच औषधाचे नुकसान होते, हा हिशेब खोटा ठरतो. गाठोड्यात बांधलेले बाकीचे गुणही त्याबरोबर फोफावतात.

या शास्त्राचा भारताशी जोडला गेलेला सर्वांत गाजलेला अध्याय स्वीडनमध्ये उघडला. भारतीय वंशाचे, स्वीडनमध्ये राहणारे एक गृहस्थ डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीतील रुग्णालयात दाखल होते. जानेवारी २००८ मध्ये ते स्वीडनच्या ओरेब्रो येथील रुग्णालयात गेले. त्यांच्या लघवीच्या तपासणीत जो क्लेब्सिएला सापडला, तो कार्बापेनेम या, एरवी शेवटची म्हणून राखून ठेवलेल्या औषधांनाही दाद देत नव्हता. त्याच्या अंगी एक नवे विकर होते. जस्ताच्या अणूंच्या साह्याने ते जवळजवळ साऱ्या पेनिसिलीन-वंशीय औषधांचे कडे तोडत होते. पुढे त्याच गृहस्थांच्या विष्ठेत याच विकराचे जनुक बाळगणारा ई. कोलायही मिळाला, म्हणजे गाठोडे एकाच माणसाच्या आतड्यात एका जातीकडून दुसरीकडे गेले असावे. २००९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि विकराला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, संक्षेपाने एनडीएम-१, असे नाव मिळाले.

ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधील नमुन्यांचा मोठा अभ्यास आला, तेव्हा आपल्याकडे संताप उसळला तो नावावरून. राजधानीची बदनामी झाली, परदेशी रुग्णांचा ओघ रोखण्याचा हा डाव आहे, असे बोलले गेले. शहराचे नाव रोगाच्या कारणाला चिकटवणे अनुचित होते, हे मान्यच करावे लागेल. पण या गदारोळात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली. त्याआधी काही महिने, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय वैद्यांच्याच नियतकालिकात आपली नोंद छापली होती. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात त्यांना कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू मिळाले आणि त्यांपैकी २२ जणांपाशी एनडीएम-१ होते. परक्यांचा कट शोधणाऱ्यांनी ही मुंबईची चार पाने वाचली असती तर फार शाई वाचली असती. २०११ मध्ये तर दिल्लीच्या नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोहोंत आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये हे जनुक सापडले. रुग्णालयाची चार भिंतींची वेस या जंतूंनी केव्हाच ओलांडली होती.

स्वीडनच्या घटनेत नावापेक्षा महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. दिल्लीहून परतलेल्या माणसाची लघवी ओरेब्रोच्या डॉक्टरांनी तपासली आणि हा रुग्ण यापूर्वी कोठे दाखल होता, याचा माग घेतला. हजारो मैलांचा प्रवास करून आलेला जंतू म्हणूनच पकडला गेला. तोच प्रवास वीस किलोमीटरचा असला, लातूरहून रेणापूरला, तर तो कोणीच पाहत नाही. रुग्ण घरी येतो. वरकरणी तो बरा असतो आणि जंतू त्याच्या आतड्यात निमूट राहतो, कित्येकदा महिनोन्‌महिने. पुढे लघवीला जळजळ होते, ताप येतो. गावातला डॉक्टर आपल्या अनुभवाने एक सुई टोचतो, पाच दिवसांच्या गोळ्या देतो. गुण येत नाही. मग दुसरे औषध. या डॉक्टरला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्यासमोरच्या माणसाच्या पोटात काय आहे, हे त्याला सांगितले कोणी?

जंतू रुग्णालयातच का माजतात, याचे उत्तर अवघड नाही. तेथे दुबळी शरीरे एकत्र येतात, औषधांचा मारा अखंड चालू असतो, त्या माऱ्यात आतड्यातील उपकारक जंतूंची वस्ती उजाड होते आणि मोकळ्या रानात हे दांडगे शिरतात. नळ्यांच्या आतील पृष्ठभागावर ते चिकट थर करून राहतात. त्या थरात औषध धड पोचत नाही. ॲसिनेटोबॅक्टर तर कोरड्या पृष्ठभागावरही, खाटेच्या कठड्यावर वा यंत्राच्या बटणावर, आठवडेच्या आठवडे तग धरतो. पण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाण्यासाठी त्याला वाहन लागते, आणि ते बहुधा माणसाचा हात असतो. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू खाली आणले, तेव्हा जंतूंची कल्पनाही रूढ नव्हती. पुढे तिचा सारा शास्त्रार्थ उलगडला, तरी हात धुणे हा अजूनही उपदेशाचाच विषय राहिला आहे.

उपदेश करणाऱ्यांनी जरा मराठवाड्याकडे पाहावे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला पिण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ गाडीच्या पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर आले. ज्या शहरात घागरीसाठी रांगा लागतात, तेथील रुग्णालयात फरशी, चादरी, भांडी आणि हात यांना किती पाणी येत असेल, हा प्रश्न त्या दिवसांत फारसा कोणी विचारला नाही. हातांपुरते अल्कोहोलयुक्त द्रावण चालते, ते स्वस्तात तयारही करता येते. पण धुलाईला आणि स्वच्छतेला पाणीच लागते. दुष्काळ आणि औषधांना न जुमानणारे जंतू यांचा संबंध शासनाच्या दोन निरनिराळ्या खात्यांत विभागला गेल्यामुळे तो कोणाच्याच फायलीत दिसत नाही.

गर्दीचेही तेच. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी चर्चा झाली ती औषधपुरवठ्याची, रिक्त पदांची आणि क्षमतेपेक्षा अधिक रुग्णांची. ते मृत्यू दाद न देणाऱ्या जंतूंनी झाले, असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे कोणी म्हणूही नये. परंतु अर्भकांच्या कक्षात जागेपेक्षा जास्त बाळे आणि परिचारिका मोजक्याच, अशी स्थिती जेथे जेथे असते, तेथे एका बाळाला हाताळून दुसऱ्याकडे वळताना हात निर्जंतुक करायला तिला उसंत मिळत नाही. मग भिंतीवर सूचनाफलक कितीही लावा. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झालेल्या नवजातांच्या अभ्यासात जंतुदोषाचे सर्वांत मोठे कारण ॲसिनेटोबॅक्टर आणि त्याखालोखाल क्लेब्सिएला निघाले. जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांतही हेच जंतू होते. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा जगाचा अंदाज १२ लाख ७० हजार आहे आणि भारताचा सुमारे ३ लाख.

औषधविक्रीविषयी कायदा नाही असे नाही. ‘एच-१’ ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून अमलात आली. तीत अनेक उच्च प्रतिजैविके घातली आहेत. चिठ्ठीवाचून ती विकू नयेत आणि विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी, असा नियम आहे. मेडिकलच्या दुकानात उभे राहून ‘तापाच्या दोन कडक गोळ्या द्या’ म्हणणाऱ्याला हा नियम कधी आडवा आला, ते त्यानेच सांगावे. चिठ्ठी असली म्हणजे ती योग्य असते, असेही नाही. क्षयरोगाच्या उपचाराविषयी मुंबईच्या झोपडपट्टीतील १०० खाजगी डॉक्टरांची पाहणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यांनी एकाच रोगावर ८० निरनिराळ्या उपचारपद्धती सांगितल्या! केरळने २०१८ मध्ये या प्रश्नावर राज्याची स्वतःची कृतियोजना आखली आणि पुढे दुकानांची तपासणीही हाती घेतली. महाराष्ट्राने तिकडे पाहायला हरकत नसावी.

नवी औषधे येतील आणि प्रश्न सुटेल, अशी आशा अनेकांना वाटते. महाराष्ट्राला या आशेचा जुना वारसा आहे. पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने स्वदेशी पेनिसिलीन बनवून एका पिढीला हायसे वाटायला लावले होते. खुद्द मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरच्या वोखार्ट संशोधन केंद्रात, झिडेबॅक्टम हे द्रव्य शोधले गेले. त्याची युक्ती मोठी चतुर आहे. जंतूचे विकर निकामी करण्याच्या नादी न लागता ते भिंतीच्या एका गवंड्याला स्वतः धरते आणि जोडीचे सेफेपिम दुसऱ्याला. याचा अभिमान जरूर वाटावा. पण एक औषध घडवायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि मेथिसिलीनला उत्तर शोधायला जंतूला दोन वर्षे पुरली होती. शिवाय असे औषध महाग राहणार, ते अतिदक्षता विभागातच द्यावे लागणार, आणि कोणाला द्यायचे ते ठरविण्यासाठी पुन्हा त्या तीन दिवसांच्या कागदाचीच गरज पडणार.

तो कागद म्हणजे कल्चर. रुग्णाचे रक्त वा लघवी पोषक द्रव्यावर वाढवायची, जंतू ओळखायचा, आणि औषधाच्या टिकल्या ठेवून कोणत्या टिकलीभोवती त्याची वाढ थांबते ते पाहायचे. तंत्र जुने आहे, खर्चाने फार भारी नाही. बारावी शास्त्राच्या विद्यार्थ्याला समजावे इतके सरळ आहे. ग्रामीण रुग्णालयात ही सोय साधारणतः नसते, आणि प्रत्येक तालुक्याला ती उभारावी अशी मागणी करणेही व्यवहार्य ठरणार नाही. रेणापूरसारख्या ठिकाणी मात्र दोन बाजूंना दोन वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आहेत. सकाळच्या एसटीने किंवा रुग्णवाहिकेच्या परतीच्या खेपेने नमुन्याची बाटली वेळेत तेथे पोचू शकते आणि तिसऱ्या दिवशी उत्तर दूरध्वनीवर येऊ शकते. या कामासाठी नवी इमारत नको, उद्घाटन नको. कदाचित म्हणूनच ते कोणाला सुचत नसावे.

आणि तेवढेही होईपर्यंत एक गोष्ट उद्यापासून करता येईल. अतिदक्षता विभागातून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती जे डिस्चार्ज कार्ड पडते, त्यावर निदान असते, शस्त्रक्रिया असते, गोळ्यांची नावे असतात, पुन्हा दाखवायला यावयाची तारीख असते. कल्चरमध्ये कोणता जंतू आला आणि तो कोणत्या औषधांना दाद देत नाही, ही ओळ बहुधा नसते; तो कागद रुग्णालयाच्या जाड फाईलमध्ये राहतो आणि फाईल अभिलेख कक्षात जाते. ही ओळ स्वच्छ अक्षरांत, शक्य तर मराठीतही, कार्डावर उतरवली, तर त्या शेतकऱ्याचा मुलगा ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवील, कारण अशी कार्डे खेड्यांत वर्षानुवर्षे जपली जातात. पुढच्या वेळी ताप आला की रेणापूरचा डॉक्टर सुई हातात घेण्यापूर्वी ते मागून घेईल.